काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुली

इतिहासाच्या बाई नववीच्या मुलींना घेऊन नगरपालिकेच्या दप्तरखान्यात गेल्या, त्यामागचा हेतू साधा होता. सनावळ्या घोकून मुली कंटाळल्या होत्या. आपल्याच गावाचा इतिहास त्यांनी स्वतः शोधावा आणि शाळेच्या प्रदर्शनात मांडावा, एवढंच. तळघरातली ती खोली भरदुपारीही अंधारी होती. कागदांचा कुबट वास, शिंका आणि मुलींची खुसखुस.

"बाई, हे आपल्या शाळेच्या जागेचं आहे," एक किडकिडीत मुलगी म्हणाली. वर्ग तिला 'शंका' म्हणायचा. प्रश्न विचारून ती बाईंना भंडावून सोडायची.

जुना पंचनामा होता. शाळेच्या आधी तिथे काडेपेट्यांचा कारखाना होता. कामाला सगळ्या मुलीच. मधेच कुणी घरी पळू नये म्हणून मालक बाहेरून कडी घालायचा. आग लागली तेव्हाही कडी घातलेलीच होती.

खुसखुस थांबली.

"आमच्याएवढ्याच होत्या..." कुणीतरी पुटपुटलं.

मग मुली झपाटल्यासारख्या कामाला लागल्या. गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून त्यांनी माहिती काढली, कारखान्याचा नकाशा काढला, सुवाच्य अक्षरात तक्ते लिहिले. एवढ्या वर्षांत बाईंना शिकवण्याचा असा आनंद मिळाला नव्हता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. त्या मालकाचा नातूच संस्थेचा अध्यक्ष होता.

"आग राहू द्या," मुख्याध्यापक म्हणाले. "खाली फक्त एक ओळ घाला. जीवितहानी झाली नाही."

"सर, मुलींनी स्वतःच्या हातानं लिहिलंय ते."

"मग त्यांच्याच हातानं बदलून घ्या. तुम्हाला कायम करायचा कागद अध्यक्षांच्या टेबलावर आहे, हे मी वेगळं सांगायला नको."

घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते. दरवर्षी नोकरी राहते की जाते या धास्तीनं बाईंचा जीव टांगणीला लागायचा. त्या वर्गात आल्या आणि खाली मान घालून त्यांनी ती ओळ सांगितली. मुलींनी मुकाट्यानं लिहिली. फक्त शंकानं पेन खाली ठेवलं.

"बाई, मग आपण तिथे गेलोच कशाला?"

बाईंनी तिच्यापुढचा तक्ता ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः लिहिली.

प्रदर्शन झोकात पार पडलं. अध्यक्षांनी मुलींच्या संशोधक वृत्तीचं तोंडभरून कौतुक केलं. बाई कायम झाल्या. वडिलांना त्यांनी ते सांगितलं, पण पेढ्याबिढ्यांचं मनातही आलं नाही. शंकानं त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे एका सोमवारी, सकाळच्या पहिल्या तासाला बाई हजेरी घेत होत्या. शेवटचा क्रमांक झाला. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"हजर..."

मागच्या बाकांकडून आवाज आला. घशात धूर गेल्यासारखा, घोगरा. बाईंनी वर पाहिलं. कुणाचेच ओठ हलत नव्हते.

"हजर..." दुसरा आवाज. मग तिसरा, भिंतीच्या अगदी जवळून.

कुणी हसलं नाही, कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. गंधकाचा उग्र वास वर्गभर पसरला. आणि मुली आपापल्या बाकावर जराशा सरकल्या. कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशा.

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

शंका उभी राहिली. कित्येक दिवसांनी ती बाईंशी बोलत होती.

"बाई, यांना घरी जायचंय," ती हळूच म्हणाली. "दार उघडा ना..."

दार तर सताड उघडं होतं. पलीकडे व्हरांड्यात ऊन पडलं होतं, शिपाई पाण्याची टाकी भरत होता. बाई उठल्या, दाराशी गेल्या आणि बाहेर हात केला.

त्यांच्या बोटांना लाकूड लागलं. तापलेलं.