राउटर घेताना आलेला खोकला

राउटरच्या कपाटासमोर मी खोकी उलटीपालटी करत उभी होते, तेव्हा पलीकडच्या वायरींच्या रांगेतून एक डोकं वर आलं... आणि मला पाहून पटकन खाली गेलं.

"लपू नका," मी म्हटलं. "ओळखलंय मी."

डोकं पुन्हा वर आलं. बाहेरच्या रिमझिमीने ओलं झालेलं, आणि चांगलंच ओशाळलेलं. तीनच दिवसांपूर्वी या माणसाने रुग्णालयातर्फे तपासणीला माझ्या घरी येऊन, बाबांनी दिलेलं पाणी पिऊन, अतिशय नम्रपणे मला नापास केलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव नापासराव.

म्हणजे नापास मी नव्हे, माझं इंटरनेट. पण लागलं मलाच.

पक्षाघाताने ज्यांचं बोलणं गेलंय, त्यांना मी पुन्हा बोलायला शिकवते. बाबांना फार वेळ एकटं ठेवता येत नाही, म्हणून रुग्णालयाने मला हे काम घरून, व्हिडिओवर करायला परवानगी दिलीय. अट एकच. रुग्णांचं बोलणं, त्यांचे कागद, सगळं ज्या डब्यातून जातं तो डबा सुरक्षित हवा. माझ्या डब्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल बंद होती, आणि त्याच्या कंपनीने नव्या सुधारणा पाठवणं कधीच सोडून दिलं होतं. आता सोमवारी सकाळी दुसरी तपासणी. तिच्यात अडकले, तर माझे रुग्ण दुसऱ्या कुणाकडे जाणार.

त्यात मास्तर होते. सात महिने त्यांच्या तोंडून एक शब्द नव्हता. गेल्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा बायकोकडे बघून म्हटलं, "बस." काकू बसल्या आणि कॅमेऱ्यासमोरच रडायला लागल्या. मीही. अनोळखी चेहरा दिसला की मास्तर ओठ मिटून घेतात, ते आठवडेच्या आठवडे. त्यांना आता नव्या माणसापुढे बसवायचं म्हणजे...

मला तो विचारही नको होता.

"बरं झालं भेटलात," मी म्हटलं. "आता सांगून टाका, यातला कुठला घेऊ?"

"ते नाही सांगता येणार."

"का?"

"नियम आहे. तपासणाऱ्याने माल सुचवायचा नाही. उद्या कोणी म्हणेल, दुकानदाराशी साटंलोटं आहे."

"आणि मी पुन्हा नापास झाले तर काय म्हणतील?"

"म्हणतील, माणूस फार कडक आहे."

हे त्याने इतक्या दुःखाने सांगितलं, की राग धरून ठेवणं मला जड जायला लागलं.

"ठीक आहे. तुम्ही तुमची वायर बघा, मी माझ्याशी बोलते. स्वतःशी बोलायला तर बंदी नाही ना?"

"स्वतःशी... नाही. तसा नियम नाही."

मी पर्समधून त्यानेच दिलेला नापासाचा कागद काढला आणि कपाटावर टेकवला. तेवढ्यात दुकानदार आला, आठ अँटेनांचा एक काळा राक्षस घेऊन.

"ताई, हा घ्या. गेम खेळायला एक नंबर!"

"गेम कोण खेळणार, आमचे बाबा?"

"वेग बघा हो याचा..."

वायरींच्या पलीकडून खोकला आला.

आता खोकल्याच्या बाबतीत मला फसवणं कठीण. दिवसभर लोकांचे घसेच ऐकते मी. खरा खोकला पोटातून निघतो. हा नुसता ओठांवरून आला होता.

"हा नको, दादा. खिशालाही झेपायचा नाही. साधा दाखवा."

दुकानदाराने सगळ्यात स्वस्त खोकं पुढे केलं. फायरवॉल हा शब्द त्यावर ठळक छापला होता. मी कागदावरचा पुढचा मुद्दा वाचला. "याला कंपनीकडून सुधारणा किती वर्षं येतील?"

"ते कोण बघतं, ताई! चालतोय तोवर चालवायचा."

पुन्हा खोकला. या वेळी जरा जोरातच.

"साहेबांना पाणी आणू का?" दुकानदार म्हणाला.

"आणा," मी म्हटलं. "घसा फारच नाजूक दिसतोय त्यांचा."

तिसरं खोकं मी स्वतः खालच्या फळीवरून काढलं. वर धूळ, आत पांढरा, साधा, दोनच अँटेना. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. चष्मा वर सारून मी बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागले. "फायरवॉल पहिल्यापासून चालू... आतून कोणी मागितल्याशिवाय बाहेरचं काही घरात घेत नाही. छान. सुधारणा आपोआप, पाच वर्षं. बाहेरून कुणी याच्या सेटिंग बदलायची सोय बंदच. पासवर्ड बदलल्याशिवाय सुरूच होत नाही. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, म्हणजे बाबांचा टीव्ही एकीकडे, माझे रुग्ण दुसरीकडे..."

मी थांबले. कान टवकारले.

पलीकडे चिडीचूप. वायरींच्या वरून फक्त दोन डोळे दिसत होते — आणि ते हसत होते.

"हाच द्या," मी दुकानदाराला म्हटलं. माझे गाल का तापले, कोण जाणे.

बाहेर पडलो तर पाऊस वाढलेला. दुकानाच्या पत्र्याखाली दोघंच उभे राहिलो, मधे माझं खोकं.

"आभार मानू का?" मी विचारलं.

"कशाबद्दल? मी तर वायर घेत होतो."

"कुठाय वायर?"

त्याने स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग आम्ही दोघंही इतके हसलो, की आतून दुकानदाराने मान बाहेर काढली.

हसणं ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "मी कडक नव्हतो पूर्वी. एकदा एका मित्राचं घर... ओळखीत पास केलं. न बघताच. त्याच्याकडून एका बाईंचे उपचाराचे सगळे कागद बाहेर गेले. त्या बाईंनी परत कुठल्या डॉक्टरकडे तोंड उघडलं नाही." पत्र्यावरून पाणी पडत होतं, तिकडे बघत तो बोलत होता. "तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही त्या मास्तरांबद्दल सांगत होतात. 'बस' म्हणाले म्हणून. तुमचा चेहरा असा काही फुलला होता... आणि मला त्याच चेहऱ्यासमोर नापास लिहायचं होतं."

"लिहिलंत की."

"सरळ लिहवलं नाही," तो म्हणाला. "अक्षर बघा, त्या कागदावर."

मी बघितलं. खरंच.

"सोमवारी या," मी म्हटलं. "पाणी भरून ठेवते."

यावर मात्र त्याने नुसती मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही... आणि पावसातच निघून गेला.

रविवारी मी आणि बाबांनी जमिनीवर बसून तो राउटर लावला. बाबा भिंगातून पुस्तिका वाचत होते, मी बटणं दाबत होते. मधेच भिंग बाजूला करून ते म्हणाले, "पोरी, आज तू नापासरावांना एकदाही शिवी दिली नाहीस. बरी आहेस ना?"

"वाचा तुम्ही, बाबा."

सोमवारी मी नवा कुर्ता घालून दार उघडलं, तर दारात एक बाई. चष्मा, बॅग, आणि हसण्याची सवय नसलेला चेहरा.

"ते... नाही आले?"

"त्यांनी ही तपासणी सोडली. लेखी दिलंय." बाईंनी कागद काढला आणि हजेरी घ्यावी तशा सुरात वाचला. "'दुकानात या बाई राउटर निवडत असताना मी दोनदा खोकलो. तो खोकला खरा नव्हता. या घराबाबत मी निःपक्षपाती राहिलेलो नाही, आणि राहू इच्छितही नाही.'"

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"ते शेवटचं पुन्हा वाचा बरं," बाबा म्हणाले.

बाईंनी वाचलं नाही. "वीस वर्षांत असं कारण पाहिलं नाही मी," त्या म्हणाल्या. "त्यामुळे सगळं अगदी पहिल्यापासून तपासणार. वेळ लागेल."

खरं सांगते, मला त्याचा भयंकर राग आला. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? याचा प्रामाणिकपणा आणि शिक्षा माझ्या मास्तरांना! बाई एकेक गोष्ट उघडून बघत होत्या, बाहेरून आत शिरता येतं का ते स्वतःच्या यंत्रावरून करून पाहत होत्या, आणि मी दारात उभी राहून नखं खात होते. पण अर्ध्या तासाने मला एक गोष्ट सुचली. तोच आला असता, हसला असता आणि पास लिहून गेला असता, तर? प्रत्येक वेळी मास्तर बोलायला लागले की माझ्या मनात आलं असतं, हा डबा खरंच चांगला आहे, की त्याला नुसती मी चांगली वाटले? त्याने मला त्या शंकेतून सोडवलं होतं. स्वतःची नाचक्की करून घेऊन.

राग कुठे गेला, कळलंच नाही.

"हा टीव्ही कुठल्या नेटवर्कवर आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या," बाबा म्हणाले.

बाबांनी तो माझ्या रुग्णांच्याच नेटवर्कवर जोडला होता; तो पाहुण्यांच्या नेटवर्कवर हलवला गेला. बाईंनी आणखी एकदा सगळं पाहिलं आणि सही केली. पास! जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "राउटर चांगला निवडलात. बारीक अक्षरं वाचणारी माणसं कमी असतात. नुसत्या खोकल्यावर भागलं नसतं." आणि मी शपथेवर सांगते, त्या हसल्या.

दुपारी पावणेचारला बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. मी खोलीतून फक्त आवाज ऐकला.

"या, आत या."

"नको, बाबा. चारला त्यांचे मास्तर असतात ना? रुग्णाचं बोलणं चालू असताना परक्याने घरात असू नये. मी जिन्यात बसतो."

"अहो, चाळीस मिनिटं?"

"बसतो."

चारला पडद्यावर मास्तर आले. बाजूला काकू, हात घट्ट धरून. "तुम्हीच आहात ना हो?" त्यांनी विचारलं. "आम्हाला रात्रभर झोप नाही." मी म्हटलं, मीच आहे, मीच राहणार आहे. मास्तरांनी मला बघितलं, खूप वेळ ओठ जुळवले, मग काकूंचा हात आपल्याकडे ओढून दोन शब्द सलग म्हटले. "इथे... बस."

त्या चाळीस मिनिटांसाठी मी कुणाकुणाचे आभार मानले, त्याची यादी करत नाही. बाईंपासून बाबांच्या भिंगापर्यंत सगळे होते त्यात. आणि सगळ्यांत आधी, बाहेर बसलेला एक माणूस.

मी दार उघडलं. तो दुसऱ्या पायरीवर बसला होता. शेजारी खुर्ची टाकून बाबा. मला पाहताच बाबा उठले, "माझी मालिका लागली असेल," म्हणाले आणि आत गेले.

"पास झाल्याचं कळलं," तो उभा राहत म्हणाला.

"हो. तुमच्याशिवाय."

"म्हणून तर खूप बरं वाटलं."

"मला राग आला होता तुमचा. सकाळी, अर्धा तास."

"अर्धाच?"

"नंतर आभार मानावेसे वाटले. तेव्हापासून मानतेच आहे."

त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "फॉर्मवर कारण लिहायला दोनच ओळी होत्या," तो म्हणाला. "उरलेलं... सांगायला आलोय."

मी माझ्यामागे दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. तोही बसला.

"सांगा," मी म्हटलं. "सावकाश. मला काही घाई नाही."

त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी वाट पाहिली. रोज तेच तर करते मी, समोरच्याच्या पहिल्या शब्दाची वाट पाहते... पण इतक्या सुखाने ती कधीच पाहिली नव्हती.