मोडकी खुर्ची

मिरजेच्या विरामगृहात कुणाशीही सरळ बोलणे म्हणजे डोकेदुखी होती. दारू सोडू पाहणाऱ्या पुरुषांचे ते सामाईक घर. दिवसा ते कामाला जात, आठवड्यातून एकदा दवाखान्यात तपासून येत आणि संध्याकाळी एका टेबलाशी जेवत. प्रत्येकाच्या कानामागे, कातडीखाली, तांदळाएवढी ‘संकेतगाळणी’ बसवलेली होती.

तलफ पेल्यातून जागी होत नाही. पेल्याच्या आधी वर्षानुवर्षे जे घडत आले, त्यातून ती जागी होते. तलफ जागवणारी ती गोष्ट म्हणजे ‘संकेत’; तो जाणिवेपर्यंत पोहोचण्याआधीच गाळणी तो पुसून टाकी. मात्र मेंदूला रिकामी जागा सोसवत नाही. काहीतरी कारण रचून तो ती बुजवतो. कोळेकरकाकांचा संकेत होता बर्फ. त्यांना फ्रिजमधले दूध आणायला पाठवावे, तर ते रिकाम्या हातांनी परतत आणि ठामपणे सांगत, “आज दूधवाला आलाच नाही.” स्वतःचा संकेत कुणालाच ठाऊक नसे, दुसऱ्यांचे सगळ्यांना तोंडपाठ.

तंबोरे घडवणारा श्रीनाथ भाकरीला चटणी लावत म्हणाला, “चव आमच्या ताईच्या हातची. डबा पाठवते, पण स्वतः यायला तिला सवड नाही.”

त्याची ताई, सानिका, त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. ती उठली आणि पलीकडच्या खोलीत डॉक्टर मगदूमांपुढे जाऊन उभी राहिली.

“तुम्ही म्हणाला होतात, माझा फक्त तो प्रश्न गाळणार. आता अख्खी मीच गाळली गेले?”

“बसा ना.”

“बसूनच आले.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “तुम्ही रोज संध्याकाळी त्याला फोन करून विचारायचात, ‘जेवलास का?’ मग वाद, मग बाटली. मेंदूने ती साखळी पक्की धरली. प्रश्न गाळला, तशी तलफ एक कडी मागे सरकली, तुमच्या आवाजावर. आवाज गाळला, तर चेहऱ्यावर.”

“आणि कोपऱ्यावरचं दारूचं दुकान?”

“ते त्याला दिसतं. त्याने त्याला काही होत नाही.”

“वा. दुकान निरुपद्रवी, बहीण घातक.”

“मेंदूला माया कळत नाही, सानिकाताई. कशामागून काय येतं, एवढंच कळतं.”

“पाच मिनिटं बंद करा ती गाळणी. मी काही विचारणार नाही.”

डॉक्टरांनी गाळण्या चालू-बंद करायचे यंत्र उचलले. मग त्या तिच्यासोबत जेवणघरात आल्या आणि हातातल्या यंत्रावर त्यांनी बोट फिरवले.

श्रीनाथने मान वर केली. “ताई? कधी आलीस गं?”

त्याचे डोळे भरून आले. सानिकाने ओठ घट्ट मिटले. इतक्या वर्षांची सवय त्यांच्यामागे उभी होती. काही क्षण तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि तिला वाटले, संपले सगळे, आता याला घरी नेऊ. मग त्याची जीभ कोरड्या ओठांवरून फिरली. बोटे टेबलावर ताल धरू लागली.

“बस तू,” तो उठत म्हणाला. “कोपऱ्यापर्यंत जाऊन आलोच.”

हे वाक्य तिला त्याच्याहून अधिक पाठ होते. तिने डॉक्टरांकडे पाहून मान हलवली. त्यांनी पुन्हा यंत्रावर बोट फिरवले.

अर्धवट उठलेला श्रीनाथ थबकला आणि खाली बसला. गालावर ओल लागली, तशी ती पुसत म्हणाला, “चटणी फारच तिखट झालीय आज.”

“प्यायचा तेव्हा ऐकत नव्हता,” सानिका स्वतःशीच म्हणाली, “सोडली तर आता ऐकूच येत नाही.” ती पुन्हा त्याच्या शेजारी बसली. आता धोका नव्हता, म्हणून तिने अगदी हळू विचारले, “जेवलास का रे?”

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

कोळेकरकाकांना ते बघवेना; शेजारी कुणी बसलेय, हे त्याला कसेही करून दिसावे, असे त्यांना वाटले. “अरे श्रीनाथ,” ते वैतागून म्हणाले, “सारखा घाम पुसतोयस. शेजारच्या खुर्चीवर सरक की, वारा लागेल.”

श्रीनाथने सानिकाच्या दिशेने नजर टाकली आणि लगेच ताटात वळवली.

“नको काका,” तो म्हणाला. “ती खुर्ची मोडकी आहे.”