कोपऱ्यातल्या टेबलाची गोष्ट

मी रस्त्यात उलटी चालते. हसू नका, कामच आहे ते माझं. नाटकगृहामागच्या जुन्या गल्लीतून रोज दुपारी वीसेक पाहुण्यांना फिरवायचं... तोंड त्यांच्याकडे, पाठ रस्त्याकडे, आणि जिभेला विसावा नाही. आत्या म्हणते, "उलट्या पावलांची ती हडळ! कोण करणार हिच्याशी लग्न?"

त्या दिवशी अशीच बोलत बोलत मागे सरकले, आमच्याच पबच्या दारात अडखळले आणि थेट कुणाच्या तरी पाठीवर जाऊन बसले. उंबरा मोजायला उकिडवा बसला होता बिचारा.

"चौतीस इंच," तो म्हणाला. मग मान वळवून, "आणि... वर तुम्ही."

"दिसत नाही का तुम्हाला?"

"माझे डोळे पुढेच आहेत हो. तुमचे कुठे असतात?"

पाहुणे खो खो हसले. मी रागाने लाल झाले. रागानेच... असं तेव्हा वाटलं.

मी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं. वारसा विभागाचा माणूस होता. गल्लीतल्या कुठल्या इमारती जपायच्या आणि कुठल्या पाडून तिथे गाड्या उभ्या करायच्या, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं. आमचा पब पणजोबांनी काढलेला, आणि बाबांचा सगळा जीव त्यात. यादीत नाव नाही आलं तर काय, हे घरात कुणी बोलायचंच नाही.

त्या दुपारी तोही पाहुण्यांच्या मागे उभा राहिला आणि मी माझी हुकमी गोष्ट सांगितली. कोपऱ्यातल्या टेबलाची. फार वर्षांपूर्वी एक नटी आणि नाटकगृहातला दिवेवाला प्रयोगाआधी रोज तिथे बसायचे. ती दूरदेशी निघाली त्या शेवटच्या प्रयोगात त्याने सगळे दिवे विझवले, फक्त तिच्यावरचा एक ठेवला... आणि टेबलावरचे हे चरे त्याच्याच नखांचे! बायका डोळे पुसायला लागल्या. मोजपट्टीनेही हळूच चष्मा पुसला.

मग तो रोज सकाळी यायला लागला. खिडक्या मोजायचा, जिने मोजायचा, आणि पट्टीचं दुसरं टोक मी धरायचे. तुळईखाली आम्ही दोघं मान वर करून उभे असू, काचेतून पिवळं ऊन खाली सांडत असे...

"टोक घट्ट धरा," तो म्हणायचा.

"धरलंय की!"

"मग पट्टी का थरथरतेय?"

"तुमच्याच बाजूने थरथरत असेल!"

आत्या स्वयंपाकघरातून मुद्दाम खोकायची.

आठव्या संध्याकाळी त्याने अहवाल माझ्यासमोर ठेवला. पहिल्याच पानावर नटी, दिवेवाला, चरे, सगळं होतं. "उद्या देणार. या एका गोष्टीवर तुमचा पब तरेल बघा."

गप्प बसले असते तर पब वाचला असता हो! पण त्याचे ते डोळे... आणि उद्या कुणी शोधलं असतं तर खोटा तोच ठरला असता.

"ती गोष्ट... मी रचलीय," मी म्हणाले. "टेबल बाबांनी जुन्या बाजारातून आणलं. चरे माझे आहेत. लहानपणी काट्याने ओढलेले."

तेवढ्यात गल्ल्यावरची घंटा खणखणली. तिची दोरी भिंतीतून पलीकडे नाटकगृहात जाते. पडदा उघडायला पाच मिनिटं उरली की रंगमंचावरून कुणीतरी ती ओढतं आणि आमच्याकडचे सगळे पेले अर्धवट टाकून पळतात. पणजोबांपासून हे असंच. रोजचाच गोंगाट, त्यात पाहुण्यांना काय सांगायचं? तो मात्र वर बघतच राहिला. मग पहिलं पान फाडून खिशात घातलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"खरं बोललीस ना? मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कशाला?" आत्या म्हणाली. मी कांदा चिरत होते, म्हणून बरं.

चौथ्या दिवशी विभागातून एक करड्या नजरेच्या बाई आल्या. गल्ल्यामागे शिरल्या, भिंतीतलं भोक पाहिलं, नाटकगृहात जाऊन स्वतः तीनदा दोरी ओढून आल्या. "असं या शहरात दुसरीकडे कुठेही नाही," असं म्हणून त्यांनी बाबांची सही घेतली. पब यादीत जाणार होता! बाबा खुर्चीत बसून ढसाढसा रडले. मीही रडले, पण माझं कारण निम्मंच ते होतं. त्याने रागाने आमचं कामच सोडून दिलं, असंच मला वाटलं होतं.

बाई गेल्या आणि दारात मोजपट्टी उभा. हात रिकामे.

"घंटेचं बाईंना तुम्हीच सांगितलंत?"

"हो."

"मग स्वतः का नाही आलात? एवढे रागावलात?"

"रागावलो होतो की! एक अख्खा दिवस." त्याने मान खाली घातली. "पण तो नियम आहे ना... मालकाच्या नात्यातल्या माणसाने तपासणी करायची नाही. मी लेखी कळवून टाकलं."

"नात्यातल्या? अहो, तुमचं-आमचं कुठलं आलंय नातं?"

"नाही ना अजून," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "तेच... तुमच्या बाबांना विचारायला आलोय. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

पट्टीचं टोक धरावं तसा मी त्याचा रिकामा हात घट्ट धरला.

"दादाऽऽ," स्वयंपाकघरातून आत्याच ओरडली, "बाहेर या, हडळीला मागणी आलीय!"