खालची रेष

स्वरप्रक्षेपकाच्या खोलीत आवाज घुमत नसे. भिंतींना राखाडी, मऊ थर दिलेला होता. तिथे पहिल्यांदा येणारा गाणारा माणूस हमखास एकदा खाकरून बघायचा. उमाक्कांनीही बघितलं.

"मेलेली खोली आहे गं ही," त्या म्हणाल्या. "इथं तंबोरा लावला तर बिचारा रडेल."

डॉ. अन्वया देशिंगकर हसली आणि तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. शाळेत असताना ती कुरुंदवाडला उमाक्कांच्या घरी गाणं शिकत असे. पुढे गणिताने तिला ओढून नेलं. आता ती कलापीठाच्या प्रवेश विभागाची प्रमुख होती आणि स्वरप्रक्षेपक हे यंत्र तिनेच घडवलेलं होतं.

उमाक्का एकच प्रश्न घेऊन आल्या होत्या. त्यांची शिष्या गौतमी लोहार हिचा ऑनलाइन अर्ज कलापीठाने नाकारला होता.

"कारण नाही लिहिलेलं. नुसत्या शुभेच्छा. उज्ज्वल भवितव्याच्या! अनू, मी आयुष्यभर शिकवलं. असा गळा माझ्याकडे दुसरा आला नाही. तुझाही नाही, राग मानू नकोस."

"नाही मानत, अक्का. माझा गळा मला ठाऊक आहे."

"मग काय ऐकलं तुझ्या यंत्रानं?"

नियमाप्रमाणे अर्जदाराचं प्रक्षेपण कुणालाही ऐकवायचं नव्हतं. अन्वयाने दार लावून घेतलं.

"गळा कसा वाढतो याचे नियम आता बऱ्यापैकी कळलेत," ती म्हणाली. "स्नायू, श्वास, रोजचा रियाज, समोर कोण बसतं, कोण टोकतं. अर्जाबरोबर आम्ही वर्षभराच्या रियाजाचं ध्वनिमुद्रण मागवतो ते यासाठी. त्यावरून यंत्र ती मुलगी चाळिशीत कशी गाईल ते गाऊन दाखवतं. दोनदा. एकदा ती इथे शिकली तर, आणि एकदा नाही शिकली तर."

तिने पहिलं प्रक्षेपण लावलं. खोलीत एक प्रौढ, भरलेला आवाज उभा राहिला. शुद्ध कल्याण होता. उमाक्कांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. तार षड्जावरून पंचमाकडे उतरणारी मींड आली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्या मींडेत निषाद लागतो, पण दिसू द्यायचा नसतो. पदराआडून वाटी न्यावी तसा न्यायचा. हे त्या प्रत्येक शिष्याला सांगत आणि बहुतेकांची वाटी सांडायची. या आवाजाची सांडली नाही.

अन्वयाने दुसरं प्रक्षेपण लावलं. तीच मींड, तीच वाटी, तोच पदर.

"ही दुसरी कुठली?" उमाक्कांनी विचारलं.

"इथे प्रवेश न मिळाल्यावरची."

"दोन्हींत काहीच फरक नाही की गं."

"म्हणूनच घेतलं नाही."

अन्वयाने पडद्यावर दोन रेषा आणल्या. वरची निळी आणि खालची करडी, एकमेकींना जवळपास चिकटलेल्या.

"वरची कलापीठासह, खालची कलापीठाविना. आम्ही दोन्हींमधलं अंतर मोजतो, अक्का. उंची नाही मोजत. जागा थोड्या, पैसा लोकांचा. ज्याच्या आयुष्यात आमच्यामुळे काही बदलेल, त्याला ती द्यायची. या वर्षी चांद्याकडचा एक मुलगा घेतला. त्याला शिकवणारं कुणी नाही, मोबाइलवर ऐकून गातो. त्याची खालची रेष जमिनीला टेकलेली होती."

"म्हणजे माझी पोर चांगली गाते, म्हणून नाकारली?"

"ती चांगली गाते म्हणून नाही. तुम्ही चांगलं शिकवता म्हणून."

उमाक्कांनी पडद्यावरच्या करड्या रेषेवरून बोट फिरवलं.

"गाणं येईल गं तिला," त्या म्हणाल्या. "ऐकणार कोण? तिच्या आईची पिठाची गिरणी? सगळ्या महोत्सवांनी तुमच्याशी भागीदारीचे करार केलेत. वाहिन्यांनी केलेत, परदेशी दौरेवाल्यांनी केलेत. तुमच्या मुलांशिवाय मंचावर कुणाला चढू देत नाहीत. माझं वय गेलं अंगणात गाण्यात. तिचंही तसंच घालवू?"

"यंत्र श्रोते मोजत नाही, अक्का. फक्त गळा मोजतं."

"पुढल्या वर्षी परत अर्ज करता येतो?"

"येतो. पण अंतर वाढल्याशिवाय उपयोग नाही."

"आणि ते वाढतं कसं?"

"एक तर वरची रेष वर जायला हवी, नाहीतर खालची खाली." अन्वयाने हे वजाबाकी समजावून द्यावी तसं सांगितलं.

"मी शिकवत नाही म्हणून लिहून दिलं तर?"

"लिहिलेलं आम्ही वाचतच नाही. ऐकतो."

"बरं, शिकवणं बंद केलं, पण तिला कानात सांगून ठेवलं की हे वरवरचं आहे म्हणून?"

"तेही कळतं. मागे कुणीतरी आहे हे माहीत असलेला माणूस सा वेगळा लावतो. तुम्हीच सांगायचात की मला. गळ्याला खोटं बोलता येत नाही." एवढं बोलल्यावर अन्वयाच्या लक्षात आलं, की अक्का हे सगळं उगीच विचारत नाहीत. "अक्का, तुम्ही काही भलतंसलतं—"

"मी काय करणार, म्हातारी बाई!" उमाक्का उठल्या. "चहा पाजतेस की यंत्रच ऐकवतेस नुसती?"

गौतमीने पुन्हा अर्ज भरला. अर्ज भरला की तिच्या फोनमधला ध्वनिग्राहक रोजचा रियाज आपोआप कलापीठाकडे पाठवू लागे. सुरुवातीचे दिवस नेहमीसारखे होते. तंबोरा, गौतमी, मधूनच उमाक्कांचं "अंहं, परत". अन्वया दुपारच्या डब्याबरोबर ते ऐकत असे. कुरुंदवाडचं ते अंगण, मागे कुणाचा तरी कोंबडा. तिला बरं वाटायचं.

मग एका दिवसाचं ध्वनिमुद्रण आलं. गौतमी शुद्ध कल्याण गात होती. मींड सुरेख उतरली.

"थांब," उमाक्का म्हणाल्या.

"परत घेऊ, अक्का?"

"नको. परत घेऊन गाढवाचा घोडा होत नाही."

गौतमी हसली. वर्गातल्या दुसऱ्या मुलीही हसल्या.

"हसू नकोस. तो मनगटाचा गंडा सोड."

गंडा म्हणजे गुरूने शिष्य पत्करताना बांधलेला दोरा. तो तुटला तर नवा बांधतात. सोडत कुणी नाही.

"अक्का, चेष्टा करताय ना?"

"तुझ्याशी चेष्टा करायला तू कोण लागून गेलीस? कलापीठानं उगीच नाही नाकारलं. त्यांना एका ऐकण्यात कळलं ते मला इतकी वर्षं कळलं नाही. तुझ्या आईच्या गिरणीचा पट्टा फाटतो ना, तसा आवाज आहे तुझा. ती बिचारी पदर पसरून आली होती, म्हणून कीव केली. आता पुरे."

कुणीच हसलं नाही. तंबोरा मात्र वाजत होता. सवयीने गौतमीची बोटं तारांवरून फिरतच राहिली होती.

"तो ठेव खाली. माझा आहे."

लाकूड फरशीला टेकल्याचा आवाज आला. तारा थोडा वेळ आपापल्या बोलत राहिल्या आणि थांबल्या.

अन्वयाने डबा झाकला. तिने लगेच फोन लावला. उमाक्कांनी उचलला, पण तिला बोलू दिलं नाही.

"तिला एक शब्द सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, अनू. तूच म्हणालीस ना, गळ्याला कळतं?"

कुरुंदवाडात गाणं शिकवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पुढचे बरेच दिवस रियाजाऐवजी गिरणीची घरघर आली. मग तंबोऱ्यावाचून गाणं आलं. रोज सा वेगळा. घोटणं नव्हतं, नुसतं शोधणं. एकदा ती मींड घेता घेता मध्येच थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "फाटलेला पट्टा." पडद्यावर करडी रेष घसरत गेली. निळीही उतरली, पण निम्म्यानेच.

निवड यादीत गौतमी लोहार पहिली आली.

"देशिंगकर, हे बघितलंत?" संचालक गद्रे स्वतः तिच्या टेबलापाशी आले. "एवढं अंतर आपल्याकडे कधीच नव्हतं. काय झालं या मुलीचं?"

"तिला गुरूंनी सोडलं, सर."

"असं?" गद्रे क्षणभर विचारात पडले. माणूस दुष्ट नव्हता. समोर आलेला आकडा कसा वाढवता येईल, एवढंच त्यांना कायम दिसायचं. "म्हणजे गावोगावचे हे गुरू मुलांना धरून ठेवतात, त्यामुळे आपला उपयोग दिसत नाही. आपण त्यांच्याशी भागीदारी करू. पाया तुम्ही घाला, सोळाव्या वर्षी मुलं मोकळी करा, पुढचं आम्ही बघतो. त्यांना मान देऊ, मानधन देऊ."

"सर, वरची रेषही उतरलीय. ही मुलगी गेल्या वर्षीपेक्षा—"

"अहवालात वरची रेष जाते का?"

"नाही. अंतर जातं."

"झालं तर."

भागीदारीच्या पहिल्या समारंभाला बोलावलेल्या गुरूंमध्ये उमाक्का होत्या. शाल, श्रीफळ, टाळ्या झाल्या. जेवण न घेताच त्या अन्वयाच्या खोलीत आल्या. शाल खांद्यावर तशीच होती.

"नीट जेवते का ती?"

"जेवते."

"मला चाळिशीतली ऐकव. एकदाच. म्हणजे मी सुटले."

"अक्का, राहू दे."

"लाव."

अन्वयाने प्रक्षेपण लावलं. आवाज तयार होता, फिरत होता, जागच्या जागी पडत होता. उमाक्कांनी मांडीवर ठेका धरला. मग तार षड्ज आला आणि आवाज पंचमाकडे उतरू लागला. वाटेत निषाद उघडा पडला. अगदी ठळक, दाखवण्यासारखा, आत्मविश्वासाने.

बोटं थांबली.

"ही प्रवेश न मिळाल्यावरची का?"

"नाही अक्का. मिळाल्यावरची."

"आणि गेल्या वर्षी ऐकवलीस ती, न मिळाल्यावरची, ती याहून..."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"यंत्र अंतर मोजतं, उंची नाही. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," उमाक्का म्हणाल्या. "मला वाटलं, उंची आहेच, ती कुठं जात नाही." मग त्यांनी विचारलं, "आता तिला खरं सांगितलं तर?"

अन्वयाने ते गणित आधीच करून ठेवलं होतं. "तुमचं दार उघडं आहे हे तिला कळलं, की खालची रेष वर येईल. अंतर मिटेल. आम्ही दर सहा महिन्यांनी परत मोजतो, त्या फेरमोजणीत जागा जाईल. आणि एकदा काढलेल्याला कुठलाच मंच घेत नाही."

"गळा तरी परत येईल?"

"पूर्वीसारखा नाही. मोडलेलं हाड सांधतं, तसा."

"म्हणजे गाणंही नाही, मंचही नाही."

"हो."

उमाक्कांनी शालीची घडी केली, परत उलगडली, परत घडी केली. "मग निदान मंच तरी राहू दे," त्या म्हणाल्या आणि दार उघडलं.

बाहेर गौतमी होती. समारंभाचे फोटो तिने पाहिले होते. तिच्या गळ्यात कलापीठाचा ध्वनिग्राहक होता. विद्यार्थ्यांना तो दिवसभर घालावा लागे, आणि त्यात शिरणारं सगळं अन्वयाच्या पडद्यावर पोचत असे. उमाक्का दिसताच तिचा चेहरा कोरा झाला. पण लहानपणापासूनची सवय शरीरात असते. ती वाकली.

उमाक्कांनी पाय मागे घेतले.

गौतमी वाकलेलीच राहिली. तिच्या मनगटावर, जिथे गंडा असे, तिथली कातडी अजून जरा फिकट होती. अन्वयाला वाटलं, आता अक्का तो हात धरतील. त्यांचा हात खरंच पुढे आला होता. मग त्यांची नजर त्या मुलीच्या गळ्यातल्या ध्वनिग्राहकावर गेली.

"इथं हल्ली कुणालाही घेतात वाटतं," त्या स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाल्या. "माझं नाव कुठं लावू नकोस. लाज वाटते मला."

आणि शाल हातात घेऊन त्या जिना उतरून गेल्या. गौतमी सरळ झाली. तिने अन्वयाकडे बघितलं. वर्गाची वेळ झाली होती. ती गेली.

अन्वया खोलीत परतली. पडद्यावर निळी रेष किंचित खाली आली होती. करडी त्याहून बरीच. यंत्राने नवं अंतर मांडून शेजारी हिरवी खूण केली होती: जागा कायम.