न थुंकलेला घोट

दारू थुंकण्याचा पगार घेणारा अख्ख्या गुहागर तालुक्यात उत्तम एकटाच असावा. मस्कतच्या एका हॉटेलात तो वाईन सर्व्ह करायचा. जुनी बाटली उघडली की पाहुण्याआधी घोटभर स्वतःच्या तोंडात घोळवायची, बिघडलेली नाही ना बघायचं आणि बादलीत थुंकायची, ही तिथली रीत. मैना झाल्यापासून तर तो खळखळून चूळ भरूनच अल् घुब्राच्या फ्लॅटवर परतायचा. तान्ह्या लेकीचा पापा घेताना तोंडाला तसला वास नको!

त्या दुपारी एका म्हाताऱ्या फ्रेंच पाहुण्यानं बोर्दोची, चाळीस वर्षं मुरलेली रेड वाईन मागवली. तीन जातींच्या द्राक्षांची मिसळ. उत्तमनं मेणबत्तीच्या उजेडात गाळ न हलवता ती सुरईत ओतली आणि घोट घेतला. आधी सुकलेलं आलुबुखार, मग तंबाखू, जुनं चामडं, ओला पालापाचोळा. सगळं जिथल्या तिथे. आणि पार तळाशी वेखंड. वेखंड, ओव्याची धुरी आणि दुधाचा आंबूस वास. न्हाऊमाखू घातलेल्या मैनाच्या टाळूचा.

त्यानं स्वतःची बाही हुंगली. साबणानं हात धुऊन आला. वास वाईनमध्येच होता. थुंकायला तो बादलीवर वाकला खरा, पण लेकीचा वास थुंकायचा कसा? त्याला धीर होईना. त्यानं घोट गिळला, आणि वेड्याला आनंदही झाला.

संध्याकाळी घरात शिरताच बायको, यशश्री, म्हणाली, "अहो, बघा ना, हिच्या अंगाला वासच येत नाहीये. गावाहून आणलेलं वेखंड इथल्या एसीनं मेलं वाटतं."

उत्तमनं मैनाच्या टाळूला नाक लावलं. लसणाच्या फोडणीचा वास त्याला येत होता, दुपट्याच्या साबणाचा येत होता. पोर मात्र विसळलेल्या काचेसारखी होती.

"नवीन मागवू," तो एवढंच म्हणाला.

पाहुण्यानं उरलेली सुरई दुसऱ्या दिवसासाठी ठेवायला सांगितली होती. इतकी जुनी वाईन उघडल्यावर फार तग धरत नाही. ही मात्र रातोरात अधिकच खुलली होती. वेखंडाच्या वासानं हॉटेलचा फ्रिज कोंदला होता. उत्तमनं सुरई बाहेर काढली. फ्रिजमधून काढलेली काच कोमट लागली.

बेसिनमध्ये ओतून टाकावी म्हणून त्यानं ती तिरकी केली, आणि हात आखडला. हिच्यात मैनाचं जे आहे तेच सांडलं तर? तो घाबरून गेला.

पाहुणा आलाच होता.

"साहेब, ही उतरलीय. नवी उघडतो."

"उतरलीय? मला तर इथवर वास येतोय," म्हणत म्हाताऱ्यानं सुरई त्याच्या हातून काढून घेतली आणि पेला भरला.

उत्तमनं खांबाआड जाऊन घरी फोन लावला.

"मैना कशी आहे?"

"अहो, आत्ताच कुशीवर वळली! दोन महिन्यांची पोर, बघा तरी!"

पाहुणा पेला गोल गोल हलवत होता.

"परत वळली. अहो... ही थांबतच नाहीये."

"धर तिला! घट्ट धर!" उत्तम ओरडला. सगळी टेबलं वळून बघायला लागली.

पाहुण्यानं पेला हलवणं थांबवलं आणि तो ओठांना लावला.

"थांबली बाई," यशश्री म्हणाली. "एकदम शांत झाली."