एक-एक-ऐंशी

लोरेन स्कोग्लुंडने व्हर्जिलच्या तळघरातला दिवा लावला. त्याचा लाडका जुना संगणक सुरू होता. खुर्ची रिकामी होती.

शेजारी राहणारा व्हर्जिल टॉलेफसन रोज दहाला तिच्याकडे कॉफीला येई. आज फिरकलाच नव्हता. बाहेर उणे वीस तापमान, आणि त्याच्या हृदयाच्या गोळ्या ओट्यावर तशाच पडलेल्या.

पडद्यावर हिरवी अक्षरं होती. ‘मित्राबरोबर ॲरिझोनाला जातोय. जुन्या संगणकांचा संग्रह रॉडनीला द्यावा. शोधू नका.’

तिने फोन केले. अकराला शेरीफचा डेप्युटी वेंडेल आला, त्याच्या मागोमाग व्हर्जिलचा भाचा रॉडनी. ती शाळेत कारकून असताना वेंडेल तिथे शिकत होता.

“मामा पहिल्यापासून लहरीच,” रॉडनी म्हणाला.

“तुमची शेवटची भेट?” वेंडेलने विचारलं.

“रविवारी. आज बाईंचा फोन येईपर्यंत मी घरीच होतो, सेंट क्लाउडला.”

“दार कुलूपबंद होतं. चाव्या कुणाकडे असतात?”

“व्हर्जिलकडे, माझ्याकडे आणि याच्याकडे,” लोरेन म्हणाली.

भिंतीभर संगणकांची माहितीपुस्तकं होती, एकूणएक कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये सीलबंद. एकही जागा रिकामी नव्हती. पण टेबलावर याच संगणकाच्या पुस्तकाची आणखी एक प्रत उघडी पडली होती. तिचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता.

लोरेनने पत्र कागदावर उतरवून घेतलं आणि डिस्कवरच्या फायलींची यादी पडद्यावर आणली. व्हर्जिल किराण्याची यादीसुद्धा याच यंत्रावर लिही. चाळीस फायली होत्या, सगळ्यांपुढे एकच तारीख: एक-एक-ऐंशी. फक्त पत्रापुढे आजची, १४ जानेवारी. वेळ ९:५२.

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

“वेंडेल, दारात उभा राहा. याला जाऊ देऊ नकोस.”

“बाई, काय झालं?”

“या यंत्राला स्वतःचं घड्याळ नाही. सुरू केलं की ते विचारतं, तारीख काय, वेळ काय? आम्ही जुनी माणसं उत्तर देत बसत नाही. दोनदा एंटर दाबतो आणि कामाला लागतो. मग ते एक जानेवारी ऐंशी धरून चालतं. व्हर्जिलने आयुष्यात कधी तारीख घातली नाही.”

“मग ही कुणी घातली?”

“ज्याने पुस्तकात बघून यंत्र चालवलं, त्याने. पुस्तकात लिहिलंय, आजची तारीख टाइप करा. याने मुकाट्याने केली. रॉडनी, तुला या वस्तूंची किंमत पाठ आहे. वापर ठाऊक नाही.”

“काहीतरीच काय! चावी तुमच्याकडेही आहे की,” रॉडनी म्हणाला.

“हो. पण मला पुस्तक कशाला लागतंय? शाळेत नऊ वर्षं याच यंत्रावर बसले मी. आणि तू सीलबंद प्रत का नाही फोडलीस? फोडली की भाव निम्मा होतो, म्हणून. तू उंदरांनी खाल्लेली आणलीस. तसल्या प्रती व्हर्जिल घरात ठेवत नाही. गावाबाहेर भाड्याच्या गाळ्यात ठेवतो. म्हणजे आज नऊ बावन्नच्या आधी तू त्या गाळ्यात होतास.” तिने वेंडेलची बाही धरली. “येत्या सोमवारी तो सगळं म्युझियमला देणार होता. गाळ्यात हीटर नाही, वेंडेल!”

“खिसे रिकामे करा,” वेंडेल म्हणाला.

रॉडनीच्या हातून गाळ्याची पितळी चावी खाली पडली. “मी मारलं नाही त्याला,” तो पुटपुटला. “नुसतं दार लावलं.”

गाळ्याकडे जाताना लोरेन सारखं घड्याळ बघत राहिली. बारा वाजून गेले होते. अडीच-तीन तास त्या थंडीत, गोळ्यांशिवाय. शटर वर गेलं तेव्हा तिला आत बघवेना.

मॉनिटरच्या खोक्यांमागे, बबल रॅपमध्ये स्वतःला गुंडाळून व्हर्जिल पडला होता. ओठ निळे पडले होते. रुग्णवाहिकेतली मुलगी त्याच्यावर वाकली.

“आजोबा, ऐकू येतंय? आज तारीख काय?”

लोरेनने त्याचा गार हात घट्ट धरला.

“आजोबा, तारीख सांगा.”

ओठ जेमतेम हलले.

“एंटर दाब,” व्हर्जिल म्हणाला.

लोरेन तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडली.