कुलूपबंद घरांची दिवेलागण

बसा. संध्याकाळची बस इथं देवळापाशी वळते आणि आल्या वाटेनं परत जाते, कारण पुढे रस्ताच नाही. तुमची चुकली, तर आता सकाळपर्यंत माझं ऐका.

आमच्या गल्लीतली पाच घरं बंद आहेत. कोणी नागपूरला गेलं, कोणी रायपूरला. किल्ल्या माझ्याकडे. दिवेलागणीला मी एकेक घर उघडते, देवापाशी दिवा लावते, पुन्हा कुलूप घालते. आत शिरण्याआधी उंबऱ्याशी आवाज देते. आमच्याकडे आवाज दिल्याशिवाय कोणी कुणाच्या घरात पाय ठेवत नाही आणि एकदा दिला की आत गेल्याशिवाय परत फिरत नाही. घर रिकामं असलं म्हणून काय रीत मोडायची?

मागच्या कार्तिकात माझा मुलगा लोकेंद्र नागपूरहून गाडी घेऊन आला. मला कायमचं न्यायला.

"तीन दुकानं अन् एक बस. इथं माणसंच नाही राहिली, आई."

"मी माणूस नोहो का?" माझं डोकंच फिरलं. "तुह्या फ्लॅटच्या समोर कोण राहते? नाव सांग."

नाव सांगायचं सोडून त्यानं माझी पिशवी गाडीत टाकली. म्हटलं, आधी दिवे लावू दे. तो कुरकुरत सोबत आला.

धान कापून झालं होतं. धुरकट अंधार पडत होता, ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास येत होता. शेवटचं घर रामकली काकीचं. काकी मुलीकडे रायपूरला वारली, तिकडेच जाळली. घरी आणा, घरी आणा म्हणत होती म्हणे. कोणी आणलं नाही.

कुलूप काढलं, दार ढकललं.

"काकी, आहेस का वो घरी?"

"रिकाम्या घराले आवाज काऊन देऊन राहिली?" लोकेंद्र हसला.

आतून उत्तर आलं. "आहो ना... ये."

लोकेंद्रनं माझा हात धरला. "आई... चाल इथून..."

भ्याले मीही, खोटं कशाला बोलू? पण आवाज मी दिला होता. हात सोडवून आत गेले. सगळीकडे धूळ होती आणि चुलीपुढची जमीन नुकतीच सारवलेली, ओली.

अंधारातून काकी म्हणाली, "तू बी जाऊन राहिली का वो?"

भीती होतीच. पण त्या भीतीच्याही वर राग चढला. त्या गाडीचा, त्या पिशवीचा, सगळ्या जाणाऱ्यांचा राग.

"नाही!" मी ओरडले. "मी कुठंच जाऊन नाही राहिली!"

मी दिवा लावला, कुलूप घातलं आणि गाडीतली पिशवी काढून आणली. लोकेंद्र त्याच संध्याकाळी एकटा गेला. आता फोनवर तो गावाचा विषय काढत नाही.

मी राहिले. उद्याही राहीन.

फक्त दुसऱ्या दिवसापासून एक झालंय. पाचही घरं आटोपून मी घरी येते, आतून कडी घालते, चूल पेटवते. तेवढ्यात दाराशी काकीचा आवाज येतो.

"भूमेश्वरी, आहेस का वो घरी?"

मी मुद्दाम गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडते, "आहो ना! ये!"

आणि मग, मी त्या पाच बंद घरांची उघडते तशीच, बाहेरून कुलपात किल्ली फिरते. माझ्या दाराला बाहेरून कुलूप मी कधी लावलेलंच नाही.